टॅब दर शुक्रवारी कियोस्कमधून बाहेर येतो: कारण कसं शोधायचं आणि पक्का बंदोबस्त कसा करायचा

तक्रार साधारण अशी येते. गेटवर व्हिजिटर नोंदणीसाठी टॅब लावलाय, त्यावर एकच ॲप दिसायला हवं, म्हणजे टॅब 'कियोस्क'मध्ये हवा. सकाळी बघावं तर होम स्क्रीन उघडी, सगळे आयकॉन समोर, आणि यूट्यूबवर काहीतरी अर्ध्यावर थांबलेलं. आयटीवाला येतो, ॲप उघडतो, पुन्हा 'लॉक' करतो आणि जातो. चार-सहा दिवस सगळं सुरळीत. मग परत तेच. ठपका ठरलेल्या माणसावर: "वॉचमन मामांनी काहीतरी दाबलं असणार."

मामांनी बहुतेक वेळा काहीच दाबलेलं नसतं. टॅब त्यांच्या हातात आला तेव्हाच तो उघडा होता, आणि उघड्या टॅबवर माणूस क्रिकेटचा स्कोअर बघणारच. त्यामुळे 'कोणी केलं' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'कशामुळे झालं' हाही नंतर. आधी विचारा: कधी झालं? टॅब सुटण्याची वेळ कळली की अर्धं निदान तिथेच होतं.

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामंही पुणे परिसरात बरीचशी गुरुवारीच निघतात. म्हणजे बुधवारी शेवटची शिफ्ट सुटली की इलेक्ट्रिशियन शेडचा मेन स्विच पाडून जातो, किंवा गुरुवारी सकाळी लाइटच जाते. टॅबची स्क्रीन मात्र चालूच, कारण ॲपला तसं सांगून ठेवलेलं असतं. साध्या दहा इंची टॅबची बॅटरी स्क्रीन चालू ठेवून आठ-दहा तास चालते. तेवढ्या वेळानंतर टॅब मरतो. शुक्रवारी लाइट येते, टॅब चार्ज व्हायला लागतो, कोणीतरी पॉवरचं बटण दाबून तो चालू करतो. टॅब नव्याने सुरू होतो आणि सरळ होम स्क्रीनवर येऊन थांबतो.

म्हणजे कियोस्क 'सुटला' असं झालंच नाही. रीस्टार्टनंतर तो परत लागला नाही, एवढंच. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, आणि आपण नेमके पहिल्याचे उपाय करत बसतो: पासवर्ड बदलायचा, मामांना तंबी द्यायची, टॅबला कव्हर चढवायचं.

वेळेवरून कारण ओळखण्याचा माझा ठोकताळा असा. सुट्टीनंतर किंवा लाइट जाऊन आल्यावर उघडा सापडला, तर प्रश्न रीस्टार्टचा. लाइट अखंड होती, कोणी आसपास नव्हतं आणि तरी मध्यरात्रीनंतर उघडा पडला, तर अपडेटचा. भर दिवसा, माणसांच्या वर्दळीत सुटला, तर बोटांचा. आणि टॅब सुटत नाही पण फोटो काढताना किंवा प्रिंट देताना अडकून बसतो, तर परवानगीच्या यादीचा. शुक्रवारची तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

कडी घातली आहे की कुलूप?

अँड्रॉइडवर 'एकच ॲप' ठेवण्याच्या तीन पद्धती सर्रास वापरल्या जातात. स्क्रीनकडे नुसतं बघून तिघींत फरक कळत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, ॲप पिन करणे. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून ही सोय आहे. सेटिंग्जमध्ये सुरक्षा विभागात जाऊन ती चालू करायची, अलीकडील ॲप्सच्या यादीत ॲपच्या चिन्हावर दाबून 'पिन करा' म्हणायचं. फुकट, दोन मिनिटांत होतं, म्हणून सगळे हेच करतात. पण ही नुसती कडी आहे. तीन बटणांच्या टॅबवर 'मागे' आणि 'अलीकडील' ही दोन बटणं एकत्र दाबून धरली, किंवा जेश्चरच्या टॅबवर खालून वर सरकवून बोट धरून ठेवलं, की ती निघते. शिवाय पिन करताना ती कशी काढायची हे टॅब स्वतःच स्क्रीनवर लिहून दाखवतो! बाहेर पडताना पासकोड मागण्याची सोय आहे, ती चालू केली तर बोटांचा त्रास कमी होतो. पण रीस्टार्ट झाला की पिन गेलीच. ही सोय कोणाच्या हातात फोन देताना त्याने आपले फोटो बघू नयेत यासाठी आहे. कारखान्याच्या गेटसाठी ती कधीच नव्हती.

दुसरी, लाँचर म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप बदलणं. एखादं कियोस्क ॲप घ्यायचं आणि त्यालाच 'होम ॲप' ठरवायचं. होमचं बटण दाबलं की तेच येतं, रीस्टार्टनंतरही तेच येतं. शुक्रवारचा प्रश्न यातून बराचसा सुटतो. पण वरून सूचनांचा पडदा ओढला की सेटिंग्जचं चाक दिसतं, कीबोर्डवरून कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाता येतं, आणि सेफ मोडमध्ये टॅब चालू केला तर बाहेरून टाकलेलं कोणतंच ॲप चालत नाही, त्यामुळे हा लाँचरही नाही. कियोस्क ॲप्स मग या फटी बुजवायला अ‍ॅक्सेसिबिलिटी, 'इतर ॲप्सवर प्रदर्शित करा' वगैरे परवानग्या मागत सुटतात. एक बुजली की दुसरी निघते.

तिसरी, आणि खरं कुलूप म्हणजे लॉक टास्क मोड. यात टॅबवर एक ॲप 'डिव्हाइस ओनर' म्हणून नेमलेलं असतं. अँड्रॉइड त्याला टॅबचा मालक मानतं. तो मालक ठरवतो की कोणती ॲप्स लॉक टास्कमध्ये चालतील. यादीत असलेलं ॲप लॉक झालं की होम, अलीकडील, सूचनांचा पडदा सगळं सिस्टिमच बंद करते. बाहेर पडायची कुठलीही बोटांची करामत नाही.

गोम अशी की पिन करणं आणि लॉक टास्क या दोन्हींसाठी ॲपच्या आतली हाक एकच आहे. ॲप म्हणतं 'मला लॉक कर'. त्याचं नाव मालकाच्या यादीत असेल तर कुलूप लागतं, नसेल तर अँड्रॉइड मुकाट्याने कडी घालतं आणि 'ॲप पिन केले आहे' असा संदेश दाखवतं. म्हणून ॲप बनवणारा शपथेवर सांगतो की "आमच्या ॲपमध्ये कियोस्क मोड आहे", आणि तो खोटं बोलत नसतो. तुमच्या टॅबवर डिव्हाइस ओनर नेमलेला नसतो.

ओळखायचं कसं? ॲप लॉक होताना 'पिन केले आहे' किंवा 'अनपिन करण्यासाठी' असले शब्द एकदा जरी दिसले, तरी ती कडी आहे, निदान पूर्ण झालं. दुसरी खूण: डिव्हाइस ओनर असलेल्या टॅबवर लॉक स्क्रीनवर किंवा सेटिंग्जमध्ये 'हे डिव्हाइस तुमच्या संस्थेचे आहे' अशा अर्थाची ओळ येते. ती कुठेच नसेल तर मालक नेमलेला नाही. तिसरी, सगळ्यांत खात्रीची परीक्षा: सगळ्यांसमोर टॅब रीस्टार्ट करा आणि हात न लावता बघत राहा.

मालक नेमायचा तर टॅब कोरा हवा

इथे बरेच जण अडतात. चालू टॅबवर, ज्यात गुगल खातं घातलेलं आहे, तिथे नंतर डिव्हाइस ओनर नेमता येत नाही. टॅब केबलने संगणकाला लावून कमांड दिली तर 'डिव्हाइसवर आधीच खाती आहेत' असं सांगून अँड्रॉइड नकार देतं. काही टॅबवर खातं काढलं तरी नकार येतो, कारण दुसरा युजर किंवा पाहुणा प्रोफाइल शिल्लक असतो. त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. फॅक्टरी रिसेट करा, वेळ वाचतो.

पण रिसेट करण्यापूर्वी सेटिंग्जमधून गुगल खातं आधी काढा. अँड्रॉइड ५.१ पासून फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आहे. खातं न काढता बटणं दाबून रिकव्हरीत, म्हणजे टॅब सुरू होण्याआधीच्या दुरुस्तीच्या मेनूत, जाऊन रिसेट मारला तर टॅब सुरू होताना जुनंच खातं मागतो. ते खातं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी असतं आणि त्याचा नंबर लागत नाही. टॅब मग बिल शोधून सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो.

रिसेट झाल्यावर स्वागताची पहिली स्क्रीन आली की भाषा निवडू नका, वाय-फाय लावू नका. त्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारा. क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. ही सोय अँड्रॉइड ७.० पासून आहे. तुमच्या एमडीएमच्या, म्हणजे टॅब दुरून सांभाळणाऱ्या सेवेच्या, पॅनेलवर जो नोंदणीचा कोड मिळतो तो समोर धरा, बाकी सगळं तो करून घेतो. 'अकाउंट जोडा'ची पायरी येऊन गेली असेल तर उशीर झाला, परत रिसेट.

एमडीएम कोणतं घ्यावं हा वेगळा वाद आहे. स्केलफ्यूजन ही कंपनी पुण्याचीच, मॅनेजइंजिन चेन्नईच्या झोहोचं, आणि बाहेरचीही भरपूर आहेत. चार-दोन टॅबसाठी महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर केबल लावून एका कमांडमध्ये कियोस्क ब्राउझरलाच, म्हणजे ठरलेलं वेबपानच दाखवणाऱ्या ॲपला, डिव्हाइस ओनर करता येतं. काही कियोस्क ब्राउझर स्वतःचा क्यूआर कोडही देतात. माझं मत असं की टॅब एकाच छपराखाली असतील आणि आयटीचा माणूस तिथे रोज जात असेल, तर केबलची पद्धत पुरते. टॅब तीन गावांत पसरलेले असतील तर एमडीएमचे पैसे गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतात.

एमडीएममध्ये ॲप जोडताना 'सक्तीने इन्स्टॉल करा' आणि 'कियोस्क' हे दोन वेगळे पर्याय असतात. पहिला निवडला तर ॲप येतं पण कुलूप लागत नाही. गुगलच्या अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयवर (एमडीएमसाठी गुगलने दिलेली यंत्रणा) चालणाऱ्या एमडीएममध्ये 'कियोस्क' निवडलं की ते ॲप लॉक टास्कच्या यादीतही जातं आणि कायमचं होम म्हणूनही नेमलं जातं. ही दुसरी गोष्ट आपल्या शुक्रवारसाठी फार महत्त्वाची आहे.

रीस्टार्टनंतर परत लागण्यासाठी

लॉक टास्क मोड स्वतः रीस्टार्ट ओलांडत नाही. यादी टिकते, कुलूप नाही. टॅब चालू झाल्यावर ॲप आपोआप उघडलं आणि त्याने पुन्हा 'मला लॉक कर' म्हटलं, तरच ते लागतं. म्हणून ते ॲपच होम असायला हवं, म्हणजे टॅब उठला की दुसरीकडे जायला जागाच नाही.

काही ॲप होम न होता 'टॅब चालू झाला' ही सूचना ऐकून स्वतःला उघडतात. अँड्रॉइड ९ पर्यंत हे छान चालायचं. अँड्रॉइड १० पासून पार्श्वभूमीतल्या ॲपने स्वतःहून स्क्रीन उघडण्यावर बंधन आलं. म्हणून जुने टॅब ठीक चालतात आणि त्याच ॲपचे नवे टॅब रीस्टार्टनंतर होम स्क्रीनवर बसून राहतात. नव्या टॅबची खरेदी झाल्यावर तक्रारी वाढल्या असतील तर हेच बघा. 'इतर ॲप्सवर प्रदर्शित करा' ही परवानगी दिली की ते ॲप परत उघडायला लागतं, पण तो ठिगळ आहे. होम नेमणं हाच नीट मार्ग. आणि ज्या ब्रँडच्या टॅबमध्ये 'ऑटोस्टार्ट'ची वेगळी परवानगी आणि आक्रमक बॅटरी बचत असते, तिथे ॲपला त्यातून वगळायला विसरू नका.

दुसरं विघ्न म्हणजे स्क्रीन लॉकचा पिन. कोणीतरी 'सुरक्षा म्हणून' टॅबला चार आकडी पिन ठेवतं. अँड्रॉइडच्या फाइल एन्क्रिप्शनच्या पद्धतीत, रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ॲपचा डेटा बंदच असतो आणि बहुतेक ॲप्स सुरूच होत नाहीत. टॅब लॉक स्क्रीनवर थांबतो, पिन कोणाला माहीत नसतो, मग तो मागे पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवला जातो. सुरक्षा संपली. कियोस्कच्या टॅबला पिन ठेवू नका. एमडीएममध्ये लॉक स्क्रीन बंद करण्याचा पर्याय असतो, पण आधीपासून पिन असेल तर तो लागू होत नाही. पिन आधी काढायचा, मग पर्याय लावायचा. 'पर्याय लावला तरी लॉक स्क्रीन येते' या तक्रारीचं उत्तर जवळजवळ नेहमी हेच.

टॅब मरूच नये यासाठी

वरचं सगळं केलं की शुक्रवारी टॅब चालू केल्यावर कियोस्क आपोआप लागेल. तरी कोणीतरी बटण दाबावं लागतंच, कारण बहुतेक टॅब लाइट आल्यावर स्वतः चालू होत नाहीत, नुसतं बॅटरीचं चित्र दाखवत बसतात. टॅब लोखंडी बॉक्समध्ये असेल आणि बटण आत असेल तर चावी कोणाकडे आहे ती शोधा.

यावर साधा उपाय आहे. बहुतेक ॲपमध्ये 'स्क्रीन चालू ठेवा' अशी खूण असते. ती बॅटरीवरही स्क्रीन जळत ठेवते, आणि गुरुवारी टॅब मारते तीच. ती काढा. त्याऐवजी सिस्टिममधला 'चार्जिंगवर असताना जागा राहा' हा पर्याय लावा आणि स्क्रीनचा वेळ दोन मिनिटं ठेवा. लाइट आहे तोवर स्क्रीन चालू. लाइट गेली की दोन मिनिटांत स्क्रीन बंद, आणि टॅब नुसता पडून राहिला तर एक सुट्टी आरामात काढतो. लाइट आली की बहुतेक टॅबची स्क्रीन चार्जर लागताच उजळते, ॲप तिथेच, कुलूप तिथेच. रीस्टार्टचा प्रश्नच येत नाही.

एक खाच आहे. एमडीएमच्या सुरक्षा धोरणात 'इतक्या मिनिटांनी टॅब लॉक व्हावा' अशी कमाल मर्यादा घातलेली असेल, तर 'चार्जिंगवर जागा राहा' चालत नाही. ऑफिसच्या मोबाइल फोनसाठी बनवलेलं धोरण तसंच टॅबला चिकटवलं की हे होतं. टॅबसाठी वेगळा गट करा.

चार्जरही तपासा. टॅबबरोबर आलेला चार्जर कोणाच्या तरी घरी गेलेला असतो आणि गेटवर जुन्या फोनचा पाच वॉटचा चार्जर, वर दोन मीटरची स्वस्त केबल लागलेली असते. ब्राइटनेस पूर्ण असेल तर टॅब चार्जिंगला असूनही बॅटरी थोडी थोडी उतरत राहते आणि आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी टॅब बंद पडतो. मग तो गुरुवारच्या हिशोबात बसत नाही आणि सगळे गोंधळतात. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, चार्जर बदला.

उलट बाजूही आहे. वर्षभर शंभर टक्क्यांवर चोवीस तास लावलेल्या टॅबची बॅटरी फुगू शकते. स्क्रीन एका कडेने उचलल्यासारखी दिसली, बॉक्समध्ये टॅब घट्ट बसायला लागला, की तो त्याच दिवशी काढा, दाबून बसवू नका. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये बॅटरी संरक्षणाची सेटिंग असते, ती आवृत्तीनुसार ८५ किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवते. ती चालू ठेवा.

आणि लाइट आल्यावरचा शेवटचा त्रास: टॅब उठतो राउटरच्या आधी. ॲप वेबवर चालणारं असेल तर 'वेबपेज उपलब्ध नाही' येतं आणि नेट आल्यावरही तसंच राहतं, कारण पान परत कोणी मागतच नाही. "टॅब हँग झालाय साहेब" म्हणून फोन येतो. कियोस्क ब्राउझरमध्ये 'नेट परत आल्यावर पान पुन्हा लोड करा' असा पर्याय असतो, तो शोधून लावा. बरेच दिवस पूर्ण बंद असलेल्या टॅबची तारीखही मागे पडलेली असू शकते, तेव्हा ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. तारीख आपोआप घेण्याची सेटिंग चालू असली की नेट मिळाल्यावर ती सुधारते.

रात्री सुटणारा टॅब

अँड्रॉइडमध्ये कोणतंही ॲप अपडेट होताना आधी बंद केलं जातं. कियोस्कचं ॲप बंद झालं आणि ते होम म्हणून नेमलेलं नसेल, तर मागे मूळ होम स्क्रीन उघडी पडते. होम असेल तर तेच परत येतं. म्हणजे इथेही उत्तर तेच.

पण याची दुसरी बाजू जास्त छळते: कियोस्कचं ॲप अपडेटच होत नाही. प्ले स्टोअर साधारणपणे टॅब निवांत असताना, चार्जिंगवर असताना आणि ॲप समोर उघडं नसताना अपडेट करतं. कियोस्कचं ॲप तर सतत समोर. म्हणून ॲप बनवणाऱ्याने चूक दुरुस्त करून महिना झाला तरी गेटवर जुनीच आवृत्ती. एमडीएममध्ये सिस्टिम अपडेटसाठी रोजची ठरावीक वेळ लावा, उदाहरणार्थ पहाटे दोन ते चार. अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयमध्ये हीच वेळ प्लेच्या ॲप्सनाही लागू होते, आणि सतत समोर असलेलं ॲप अपडेट होण्याचा तोच नीट मार्ग आहे. एखाद्या ॲपला 'उच्च प्राधान्य' दिलंत तर ते ही वेळ पाळत नाही, भर शिफ्टमध्येही अपडेट होतं. हजेरीच्या ॲपला उच्च प्राधान्य देऊ नका.

वेबवर चालणाऱ्या कियोस्कमध्ये अजून एक पाहुणा असतो: अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारा सिस्टिमचा भाग. हा स्वतंत्रपणे अपडेट होतो आणि होताना त्याच्यावर चालणारी ॲप्स बंद करतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्याच एका बिघडलेल्या आवृत्तीमुळे जगभर अँड्रॉइडवरची ॲप्स धडाधड बंद पडत होती, जीमेलसुद्धा. तुमच्या ॲपमध्ये एका ओळीचाही बदल नसताना सगळे टॅब एकाच सकाळी बिघडले, तर ॲपवाल्याला फोन करण्याआधी वेबव्ह्यू आणि क्रोमच्या आवृत्त्या बघा.

ॲप स्वतःच कोसळत असेल तर 'ॲप थांबले आहे' असा चौकोन येतो आणि सकाळपर्यंत तसाच राहतो. अँड्रॉइड ९ पासून डिव्हाइस ओनरला हे चौकोन दाबून टाकता येतात. मग ॲप बंद होऊन पुन्हा सुरू होतं. ॲपमधली चूक मात्र त्याने झाकली जाते, तेव्हा महिन्यातून एकदा लॉग बघत जा.

बोटांचे उद्योग

हा भाग लवकर आटोपतो, कारण डिव्हाइस ओनर असेल तर बहुतेक फटी एकेका खुणेने बंद होतात. सेफ मोड बंद करा. पॉवर मेनूतून सेफ मोडमध्ये जाण्याची युक्ती पोरांना बरोबर माहीत असते. नवीन युजर जोडणं, सेटिंग्जमधून फॅक्टरी रिसेट, यूएसबीने फाइल देवाणघेवाण, हेही बंद. पॉवर मेनू ठेवायचा की नाही ते नीट ठरवा: अँड्रॉइड ९ पासून तो वेगळा बंद करता येतो, पण बंद केलात तर टॅब खरंच अडकल्यावर मामांना तो साध्या मार्गाने रीस्टार्ट करता येणार नाही. मी तो चालू ठेवतो.

बटणं दाबून रिकव्हरीत जाऊन केलेला रिसेट या खुणांनी थांबत नाही. त्याला लोखंडी बॉक्स हेच उत्तर, आणि अँड्रॉइड ११ पासून एमडीएममधून 'रिसेटनंतर कंपनीचंच खातं मागा' असं ठरवून ठेवता येतं.

सुटत नाही, पण अडकतो

कुलूप नीट लागलं की नव्या तक्रारी येतात. व्हिजिटरचा फोटो काढायचं बटण दाबलं की काहीच होत नाही. याचं कारण ॲप स्वतःचा कॅमेरा न वापरता टॅबचं कॅमेरा ॲप उघडायला बघतं, आणि ते यादीत नाही. तसंच प्रिंट देताना, फाइल निवडताना, पीडीएफ उघडताना. त्या त्या सिस्टिम ॲपचं नाव लॉक टास्कच्या यादीत घाला. फाइल निवडणाऱ्या आणि कॅमेऱ्याच्या ॲपचं नाव ब्रँडनुसार बदलतं, म्हणून एका टॅबवरची यादी दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर तशीच उतरवू नका.

सगळ्यांत वाईट अडकणं वाय-फायचं. ऑफिसने वाय-फायचा पासवर्ड बदलला. टॅबला नेट नाही. नेट नाही म्हणून एमडीएमने पाठवलेला वाय-फायचा नवा पासवर्ड पोचत नाही. कुलूप आहे म्हणून सेटिंग्जमध्ये जाता येत नाही. दोन सोयी आधीच करून ठेवा. एमडीएममध्ये 'सुरू होताना नेट न मिळाल्यास तात्पुरतं नेटवर्क विचारा' असा पर्याय असतो, तो चालू ठेवा. मग टॅब रीस्टार्ट करून फोनच्या हॉटस्पॉटवर घेता येतो. आणि पासवर्ड बदलण्याच्या आदल्या आठवड्यात नवं नेटवर्क टॅबवर ढकलून ठेवा. ज्या वाय-फायला ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, ते कियोस्कसाठी वापरूच नका. ते लॉगिनचं पान कुलपाआड उघडत नाही.

आयपॅड असेल तर

तिथेही कडी-कुलपाचा फरक तोच. गायडेड ॲक्सेस ही कडी: बटण तीनदा दाबून चालू होते, कोणीही लावू शकतं. सिंगल ॲप मोड हे कुलूप, ते रीस्टार्टनंतरही टिकतं. त्यासाठी आयपॅड 'सुपरवाइज्ड' हवा, म्हणजे ॲपल कॉन्फिगरेटरने किंवा एमडीएमच्या नोंदणीतून, पुसून नव्याने सुरू करून. पासकोड इथेही ठेवू नका. रीस्टार्टनंतर तो टाकेपर्यंत आयपॅड वाय-फायला जोडला जात नाही आणि एमडीएमचा हुकूमही पोचत नाही.

हवाली करण्याआधी

टॅब बॉक्समध्ये बसवण्यापूर्वी टेबलावर एवढं करून बघा. रीस्टार्ट करा, हात लावू नका. पॉवरचं बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद करा, परत चालू करा. राउटर बंद ठेवून टॅब चालू करा, मग राउटर लावा. चार्जर काढा, दोन मिनिटांत स्क्रीन बंद होते का बघा, परत लावा. फोटो, प्रिंट, जे जे काम त्या टॅबवर होणार ते एकदा करा. शेवटी बॅटरी पूर्ण उतरवून टॅब मरू द्या, चार्ज करून चालू करा. ही शेवटची परीक्षा कंटाळवाणी आहे, पण गुरुवार दर आठवड्याला येतोच.

एवढं होऊनही सगळ्यांतला एखादाच टॅब सुटत असेल, तर एमडीएमच्या पॅनेलवर तो शेवटचा कधी बोलला आणि कोणत्या गटात आहे ते बघा. बऱ्याचदा तो चाचणीच्या जुन्या गटातच राहिलेला असतो. गट बरोबर असेल तर गेटवरचा टॅब कँटीनला लावा आणि कँटीनचा गेटवर. एक सुट्टी जाऊ द्या. तक्रार टॅबबरोबर कँटीनला गेली तर टॅब रिसेट करून पुन्हा नोंदवा. गेटवरच राहिली तर टॅबला हात लावू नका, त्या जागेचा बोर्ड, केबल आणि चार्जर बदला.